म्हातारीच्या वाटणीची भाकर

१

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मंग मी तुला मानंन. नाय मानणार तू. कॉलेजात शिकलेली पोरगी तू, आन् मी तिसरीतनं शाळा सोडलेली. त्यातून अख्ख्या कॉलनीला ठाऊक हाय की चिमणाबाई थापा मारते. मारते की! परवा तुझ्याच आईला सांगितलं, फादरनी मिशा ठेवल्यात. गेली बिचारी बघायला.

तुला कशापायी धाडलंय ते कळलंय मला. तू म्हणतेस मी आता चर्च सोडणार, माझा विश्वास राहिला नाय. आन् तुझ्या आईला वाटलं, चिमणाबाई एक रविवार चुकवत नाय, देवभोळी बाई, ती समजावंल पोरीला. देवभोळी! ऐक जरा. हसू येतंय मला.

सोड की. मी पण सोडलं होतं. पांढरी साडी आणून ठेवली होती ट्रंकेत.

पण तू मगाशी एक विचारलंस ते बरं विचारलंस. कम्युनियनची भाकर घ्यायच्या रांगेत ही म्हातारी कायम शेवटी का? आन् कोणी माझ्या मागं उभं राहिलं तर मी त्याला खांद्याला धरून पुढं का ढकलते? आजवर कोणी विचारलं नाय. सगळ्यांना वाटतं, म्हातारी मायाळू हाय, दुसऱ्याला आधी जाऊ देते.

बस. चहा ठेवत नाय, सांगून ठेवते. चहाची पण एक गोष्ट हाय यात.

२

आणीबाणी उठली त्याच्या पुढलं साल. माझे मालक निवृत्ती एकलहऱ्याला वीज केंद्रावर कोळशाच्या खात्यात होते. घरी आले की नुसते डोळे पांढरे दिसायचे. आमचं चॅपल तेव्हा हे असं नव्हतं. पत्र्याची लांब खोली होती, आधी कोणाची तरी कांदे साठवायची चाळ. कांदे गेले तरी वास गेला नाय. चैत्रात मिस्सेची प्रार्थना चालू झाली की धूप आन् कांदा दोन्ही डोळ्यांत जायचे, नि फादर रुमावांना वाटायचं लोक भक्तीनं रडतायत. वसईकडचे होते ते. रविवारी मोठ्या चर्चमधनं फटफटीवर यायचे, झगा पाठीमागं गाठोड्यात बांधलेला. मिस्सा झाली की चालले. चॅपलात काही ठेवायची सोय नव्हती, कुलूप सुद्धा एका खिळ्यावर होतं.

म्हणून एक पद्धत होती. आता बंद पडली. दाराशी एक मेज, त्यावर पांढरं फडकं. एका डब्यात त्या पातळ गोल भाकरी, बोटभर रुंद. तुम्ही त्यांना काय काय म्हणता, आम्ही भाकरच म्हणायचो. शेजारी फादरचा झाकणाचा पेला आन् एक लहान चिमटा. आत जाताना ज्याला कम्युनियन घ्यायची असंल त्यानं चिमट्यानं आपली एक भाकर उचलायची, पेल्यात सोडायची. जेवढी तोंडं तेवढ्या भाकरी. मंग तो पेला वेदीवर जायचा, फादर मंत्र म्हणायचे. कमी नाय, जास्ती नाय. उरली तर ठेवणार कुठं?

त्या मेजाशी उभं राहायचं काम माझं. सिस्टरनी मुद्दाम दिलं. म्हणाल्या, चिमणाबाई, तुम्ही आत बसलात की पोरं हसतात, तुम्ही दाराशीच बऱ्या. चांगलं मोठं काम, बरं का. झाकण मी चिंच लावून घासायची. तोंड दिसायचं त्यात.

आन् माझ्याबरोबर असायची माझी सासू. कुसाबाई.

३

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन नको म्हणायची, जे बघायचं ते बघून झालं. मिशनच्या आश्रमात वाढलेली बाई, देवाचं सगळं तोंडपाठ. पण द्वाड! मी काय द्वाड असंन, ती माझी गुरू. लग्न होऊन मला आठ दिवस झाले नव्हते. मला म्हणाली, चिमणे, शेजारच्या नवसाबाईकडनं वरवंट्याची साल घेऊन ये, वाटण बारीक होत नाय. मी गेले की! नवसाबाई तोंडात पदर कोंबून म्हणते, कालच दिली गं तुझ्या सासूला, संपवली का एवढ्यात? परत आले तर म्हातारी ओट्यावर बसून पोट धरून हसतेय.

मंग मी तिच्या तपकिरीत मिरपूड घातली. मंग तिनं माझ्या वेणीला खाटेची दोरी बांधली. आंधळी बाई, पण बोटांना डोळे होते तिच्या. बोटं साडेतीनच. अंगठा धरू नको. मधलं बोट विळ्यानं गेलेलं, कडबा कापताना, नुसता खुंट राहिलेला. त्या हातानं माझं मनगट धरायची. घरात, रस्त्यात, बाजारात. तीन बोटं आन् एक खुंट. अजून डोळे मिटले की कळतं मला कोणतं बोट कुठं.

मेजाशी पण तसंच. सगळी आत गेली की शेवटी आम्ही दोघी. ती माझं मनगट धरायची, मी चिमट्यानं तिची भाकर उचलायची, पेल्यात सोडायची आन् चिमटा काठाला टेकवायची. टिक्.

“पडली?”

“पडली.”

मंग माझी. टिक्. रांगेत पण शेवटी आम्हीच. मी पुढं, ती मागं, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

खूप बरे दिवस होते गं ते. तेव्हा कळलं नाय. नवरा काळा, चूल काळी, सासू आंधळी, आन् मी दिवसभर हसत असायची.

४

एका शनिवारी माझा भाऊ आला होता, सिन्नरहून. पहिल्यांदाच आलेला. मी चहा केला, साखर घातली, कपात ओतला. वळून बशी काढली तेवढ्यात म्हातारीनं चाचपत मूठभर मीठ टाकलं. भावानं घोट घेतला नि सगळ्या शर्टावर. म्हातारी म्हणते, काय हो पाव्हणं, बहिणीच्या हातचा गोड लागंना? सगळी हसली. मी पण हसले. पण मनात म्हणलं, थांब.

दुसऱ्या दिवशी मेजाशी तिनं मनगट धरलं. मी चिमटा डब्यात नेला, आन् रिकामाच वर आणला. रिकामाच पेल्यावर नेला. काठाला टेकवला. टिक्.

“पडली?”

“पडली.”

मंग माझी टाकली. खरी.

मला वाटलं काय होईल? फादरना शेवटी एक कमी पडंल, ते कोणाची तरी अर्धी मोडून देतील, आन् घरी जाऊन मी सांगेन, आत्या, काल मिठाचा चहा, आज अर्धी भाकर, झाली फिट्टंफाट. एवढंच होतं माझ्या मनात. मी देवाशप्पथ सांगते. आता कोणत्या देवाची, ते विचारू नको.

रांग सरकली. मी पुढं गेले, जीभ काढली, फादरनी ठेवली, मी बाजूला झाले. मागं म्हातारी. तिनं तोंड उघडलं. जीभ बाहेर. डोळे तसेही मिटलेले. फादरनी पेल्यात हात घातला, आन् तो हात तसाच राहिला. पेला तिरका करून बघतायत. मोडायला काहीच नव्हतं, शेवटची माझ्या तोंडात होती.

ती तशीच उभी. तोंड उघडं टाकून. किती वेळ, मला सांगता येत नाय. पेटी वाजवणारा पेटी वाजवायचा थांबला. माझ्या तोंडात माझी भाकर विरघळतेय, टाळूला चिकटलेली, आन् मी तिच्या तोंडाकडं बघतेय. दात नव्हते. आत नुसतं काळं.

फादरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पुटपुटून आशीर्वाद दिला. तेव्हा मिटलं तिनं तोंड.

५

घरी जाताना मनगट धरून म्हणाली, “माझी कुठं गेली गं चिमणे? टिक् तर झालं होतं.”

तेव्हा सांगायचं ना मी. हसायचं. ती पण हसली असती. पण माझ्या तोंडातनं निघालं, “फादरची मोजणी चुकली, आत्या.”

मंग हसून म्हणते, “असू दे. पुढल्या रविवारी तुझी पण मीच खाईन.”

गुरुवारी दुपारी गेली. जेवली, खाटेवर आडवी झाली, मी भांडी घासत होते. हाक मारली तर ओ नाय. फादरना निरोप धाडला, ते कुठल्या तरी लग्नात होते, संध्याकाळी आले. शेवटचं तेल लावलं थंड कपाळाला. भाकर देऊन उपयोग नव्हता.

तिचं तोंड मिटंना. नवसाबाईनं हनुवटीखालनं फडकं बांधलं डोक्यावर गाठ मारून, तरी गाठ सैल व्हायची आन् तोंड उघडायचं. तीनदा बांधलं. मी एका कोपऱ्यात बसून बघत होते. मला ठाऊक होतं ती कशाला थांबलीये.

६

आता तुझं आन् माझं सारखं हाय ते ऐक.

मी वाट बघत होते. म्हणलं, देव आता मला शिक्षा देणार. हात वाळंल, घर जळंल, काहीतरी. एवढ्या मोठ्या मंत्राच्या भाकरीशी मी खेळ केला, एक म्हातारी उपाशी धाडली. रोज सकाळी उठून हात बघायची. हात धडधाकट. भाकरी फुगतेय, नवरा कामाला जातोय, कोंबडी अंडी घालतेय. एक थोबाडीत तरी मारायची ना त्यानं! कबुलीला गेले फादरपुढं, तर तोंडातनं दुसरंच निघालं, शेजारणीशी भांडले म्हणून. फादर म्हणाले, तीन वेळा नमो मरिया म्हणा. तीन वेळा!

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, वर कोणी नाय. असता तर गप्प बसला नसता.

मी भाकर घ्यायची सोडली. मेजाशी उभी राहायची, कारण सिस्टर सोडंनात, पण स्वतःची टाकायची नाय. रांगेत जायची नाय. मागं भिंतीला टेकून चपला बघत बसायची.

तशात मालकांचा चुलतभाऊ झुंबर यायला लागला. ते लोक आधीच बौद्ध झालेले. चांगला माणूस, शिकलेला, मास्तर होता सिन्नरला. म्हणायचा, “वहिनी, आपली सगळी माणसं तिकडं. तुम्ही दोघंच इथं कोणासाठी थांबलात? म्हातारी होती तोवर ठीक. उद्या पोराबाळांना शाळेत सवलत मिळंल. आन् तिकडं कोणी तुम्हाला जीभ काढायला लावत नाय.”

मालक म्हणाले, “मला काय, कोळसा सगळीकडं काळाच. दसऱ्याला मी दीक्षा घेतो. तुझं तू ठरव चिमणे, मी ओढणार नाय.”

मी म्हणलं, मी पण येते. बरं वाटलं म्हणून. खरंच हलकं वाटलं. मेन रोडवरनं पांढरी साडी आणली, ट्रंकेत ठेवली. दसऱ्याला पाच रविवार होते.

७

त्यातल्या पहिल्या रविवारी मिस्सा झाल्यावर फादर पेला पुसत बाहेर आले. म्हणाले, “चिमणाबाई, आज एक उरली. मीच खाल्ली. कोणी टाकून पळालं वाटतं?”

मी हसले. म्हणलं, असंल कोणी.

दुसऱ्या रविवारी, “आज पण एक.”

तिसऱ्या रविवारी फादर हसत नव्हते. “मेज तुमच्याकडं हाय ना? जरा लक्ष ठेवा. हा काय पोरखेळ नाय.”

मला राग आला. थट्टा माझी कोणी करायची? या कॉलनीत थट्टा करायचा मक्ता माझा. चौथ्या रविवारी मी चिंचोके नेले. डाव्या मुठीत सगळे. माणूस आला, भाकर टाकली, की एक चिंचोका उजवीकडं पिशवीत. हुशार हाय ना मी? डोळ्यात तेल घालून उभी. कोणी दोन टाकल्या नाय. सगळी आत गेली, मी चिंचोके मोजले. एकेचाळीस. पेला नवसाबाईनं उचलून आत नेला, मी दारातनं हलले नाय.

मिस्सा झाली. फादर म्हणाले, “एक उरली.”

मी नवसाबाईला धरलं. म्हणलं, “तू टाकलीस. वरवंट्याची साल देणारी तूच ना.”

ती हळूच म्हणाली, “असं काय करता चिमणाबाई? तुम्हीच तर टाकता. सगळी आत गेली की. दर रविवारी बघते मी, पेला न्यायला थांबलेली असते ना.”

“मी?”

“चिमटा टेकवता, आन् काहीतरी बोलता.”

“काय बोलते?”

“ऐकू येत नाय नीट. कोणाला तरी उत्तर दिल्यासारखं.”

आता तू म्हणशील मनाचा खेळ. मी पण तेच म्हणलं. माणूस झोपेत चालतो, तसं जागेपणी पण करत असंल. मनाला लागलं होतं, हात आपोआप जात असंल सवयीनं. बरोबर हाय ना? डॉक्टरकडं गेले, त्यानं लाल गोळ्या दिल्या. गोळ्या चांगल्या होत्या, झोप लागायची.

पण उजव्या मनगटावर वळ होते. धुणं पिळताना दिसले. बांगडीचे वळ आडवे असतात, गोल. हे तिरपे होते. तीन लांब, आन् एक नुसता ठिपका.

८

शेवटचा रविवार. मी ठरवून गेले होते, की मिस्सेच्या आधी सिस्टरला सांगायचं, हे घ्या फडकं, हा घ्या चिमटा, दसऱ्याला मी चालले. सिस्टर पेटीवाल्याशी बोलत होत्या, म्हणून राहिलं.

लख्ख ऊन होतं. नऊ वाजता पत्रे तडतडायला लागले होते. कुठं अंधार नाय, कुठं काय नाय. बाहेर कोणाची तरी शेळी पेरूची पानं ओढतेय. सगळी आत गेली. नवसाबाई पलीकडं लहान पोराची चड्डी नीट करत होती. मेजाशी मी एकटी.

मी उजवा हात मेजावर सपाट ठेवला. मुद्दाम. फडक्यावर, पाचही बोटं पसरून. म्हणलं, आता हा हात इथनं हलणार नाय. आन् डाव्या हातानं झाकण उचललं, पेला झाकावा म्हणून.

झाकण घासलेलं होतं. मी सांगितलं तुला, तोंड दिसायचं.

त्यात माझं तोंड दिसलं. वाकडं, पिवळं, जसं पितळेत दिसतं. आन् खाली माझा उजवा हात. त्यात चिमटा होता. चिमट्यात भाकर. मेजावर सपाट ठेवलेला हात मला जाणवत होता, फडक्याची वीणसुद्धा बोटांना लागत होती. पण झाकणात तो वर होता, पेल्याकडं चाललेला. आन् त्याच्या मनगटावर दुसरा हात.

खांद्याच्या मागं पांढरा पदर होता डोक्यावरनं घेतलेला. डोळे मी बघितले नाय. मी खालचं बघितलं. तोंड उघडं होतं.

टिक्.

“पडली,” मी म्हणाले.

मला कोणी विचारलं नव्हतं. मी ऐकलं नाय काही. पण उत्तर निघालं, जसं इतकी वर्षं निघायचं तसं.

मी झाकण ठेवलं. वळून बघितलं नाय. एवढंच बघितलंय मी आयुष्यात, याच्या पुढचं कोणी विचारू नये.

९

मिस्सा चालू झाली. मी भिंतीपाशी गेले नाय, पाय तिकडं वळंनात. कम्युनियनची रांग लागली, आन् मी रांगेत होते. शेवटी. उजव्या खांद्यावर वजन होतं. जड नाय, पाखरू बसावं तेवढं. रांग सरकंल तसं ते पण सरकायचं, जरा मागं पडलं की बोटं घट्ट व्हायची. मी हळू चालायला लागले. सवयच होती मला, पायरी आली की पायानं ठोकून सांगायची. ठोकलं.

फादर समोर. पेल्यात एकच होती. “ख्रिस्ताचं शरीर.”

माझा विश्वास नव्हता गं पोरी. त्या घडीला सुद्धा नव्हता. ट्रंकेत साडी होती. पण तोंड उघडलं. किती उघडलं, जबडा दुखायला लागला एवढं. फादरनी जिभेवर ठेवली. मी तोंड मिटलं.

तोंडात काही नव्हतं.

जीभ फिरवली. टाळूला, दातांमागं, गालात. नुसती जीभ. कोरडी. भाकर ठेवल्याची थंड जागा सुद्धा नाय.

आन् खांद्यावरचं वजन उठलं.

फादर पेल्यात बघून म्हणाले, “आज बरोबर झालं.” मी मेजाशी परत आले, खाली बसले आन् हसायला लागले. असं हसले की सिस्टर धावत आल्या. मंग रडले. त्यांना वाटलं मला साक्षात्कार झाला. मिठाच्या चहाची फेड कोण कोणाशी करत होतं, ते त्यांना कुठं ठाऊक? म्हातारी सांगून गेली होती मला रस्त्यात, हसत हसत. तुझी पण मीच खाईन.

१०

दसऱ्याला मालक गेले झुंबरबरोबर, दीक्षा घेतली. मी त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करून दिली, गेटापर्यंत सोडायला गेले. “येतेस?” म्हणाले. मी म्हणलं, “येते म्हणाले असते, पण आत्याला चॅपलात कोण नेईल?” माझ्याकडं नीट बघितलं त्यांनी. भला माणूस, पुन्हा कधी विचारलं नाय. त्यानंतर आमच्या घरात एका भिंतीवर मरियामाता, एका भिंतीवर बुद्ध, मधे वाण्याचं कॅलेंडर. एकाचं एकाला कधी आड आलं नाय. पांढरी साडी मी पुढच्या रविवारी चॅपलला नेसले.

मंग ती मेजाची पद्धत बंद झाली. चॅपलचं पक्कं चर्च झालं, कांद्याचा वास गेला, फादर रुमाव पण गेले. चिमटा सिस्टरनी मला दिला. त्या तिथं, कुंकवाच्या जुन्या डबीत हाय. हात लावू नको.

मी राहिले. तुझी आई म्हणते, काय श्रद्धा चिमणाबाईची! श्रद्धा तिची हाय, जी माझ्या मागं उभी असते. मी नुसती रस्ता दाखवणारी. दर रविवारी तोंड उघडते, आन् दर रविवारी मिटते तेव्हा ते रिकामं असतं. चाळीसाच्या वर वर्षं झाली. भाकरीची चव कशी असते सांग बरं मला. मी विसरले.

कधी वाटतं, एका माफीत सगळं मिटलं असतं. मी मागितली पण, दहादा, मोठ्यांदा. पुढल्या रविवारी खांद्यावर हात असतोच. तिला माफी नको असंल, भाकर हवी असंल. नायतर ती कुसाबाई नसंल. हे मी कधी कोणाला बोलले नाय. चेहरा बघितलाय कोणी? मी बघितलेलं नुसतं तोंड.

हां. तर आता तुझं. राहू का जाऊ, हे मला विचारू नको. माझे गुडघे गेले. गेले दोन रविवार मी उठू शकले नाय, गेले नाय. या दोन आठवड्यांत त्या डबीत भर दुपारी वाजतं, टिक्. मी म्हणते, आत्या, मला जमत नाय आता, दुसरं कोणी बघ. ती चाचपडत असते घरात. तिला काय, विश्वास असलेलं माणूस लागत नाय. माझा तरी कुठं होता? हात लागंल ते मनगट.

घाबरलीस! तोंड बघ कसं झालंय. थापा गं, सगळ्या थापा, मी आधीच म्हणाले नव्हते? हस की जरा. बघू, इकडं ये, हात दे.

हा वळ कसला? बांगडीचा असंल.

तू बांगड्या घालत नायस होय?

उजेड हाय तोवर घरी पोच. दार ओढू नको, उघडंच राहू दे. आन् वाटेत कोणी काही विचारल्यासारखं वाटलं तर उत्तर देऊ नको. जा. जा आता, पोरी.